नात्यांचा ताळेबंद

‘निरोगी नातेसंबंध’ हा शब्दप्रयोग आता मराठीत चांगलाच रुळला आहे. अनुवादित पुस्तकांतून तो आला, रविवारच्या पुरवण्यांत स्थिरावला, महाविद्यालयीन कार्यशाळांच्या फलकांवर झळकला आणि गेली काही वर्षे साहित्याच्या उत्तरपत्रिकांतही दिसू लागला आहे. एखाद्या नाटकातील किंवा कादंबरीतील पतिपत्नींविषयी प्रश्न विचारावा आणि ‘त्यांचे नाते निरोगी नव्हते, कारण त्यांच्यात संवाद नव्हता व परस्परांच्या मर्यादांचा आदर नव्हता’ असे उत्तर यावे, हे आता नेहमीचे झाले आहे. उत्तर चूक म्हणावे तर चूक नाही. ते ‘मादाम बोव्हारी’ला लागू पडते, तसेच ‘वाडा चिरेबंदी’लाही. कोठेही चिकटवता येणारे उत्तर कोणत्याच कलाकृतीविषयी काही सांगत नाही, एवढाच त्याचा दोष. पण आमची तक्रार परीक्षेतील गुणांपुरती नाही. हीच भाषा घेऊन आमचे विद्यार्थी घरी जातात, आईशी भांडतात, मित्राला सोडतात, लग्नाला होकार वा नकार देतात. आपल्या आयुष्याविषयी विचार करायला त्यांच्याजवळ जी शब्दसंपत्ती उरली आहे ती ही आहे, आणि ती फार तोकडी आहे, असे आमचे म्हणणे आहे.

‘निरोगी’ या विशेषणापासूनच सुरुवात करू. नाते निरोगी किंवा रोगी असते असे एकदा मानले, की कारणमीमांसेची गरज संपते. रोगाला वेतन नसते, जात नसते, सातबारा नसतो. दोन भाऊ बोलत नाहीत; त्यांच्यामध्ये बापाने एकाच्याच नावावर केलेली अडीच एकर जमीन पडलेली आहे. सून सासूसमोर तोंड उघडत नाही. कारण तिच्या माहेरी परतायला जागा उरलेली नाही. या दोन्ही ठिकाणी नात्याचे ‘आरोग्य’ तपासणे म्हणजे पडक्या भिंतीला ताप आला आहे का ते पाहण्यासारखे आहे. साहित्याने दीडशे वर्षे जी कारणे शोधून, उकरून, मांडून ठेवली ती या एका विशेषणाने पुसली जातात आणि खाली उरतात दोन व्यक्ती, ज्यांना म्हणे फक्त नीट बोलता येत नाही.

आता या भाषेतील काही शब्द जवळून पाहू. आमचा धंदाच शब्दांचा असल्यामुळे वाचकांनी एवढी सवलत द्यावी.

इंग्रजीतील ‘बाउंडरी’ या संज्ञेसाठी अनुवादकांनी सर्रास ‘मर्यादा’ हा शब्द योजला आहे. ‘आपल्या मर्यादा ठरवा’, ‘मर्यादा आखायला शिका’, ‘आपल्या मर्यादांबद्दल ठाम राहा’. मूळ अर्थ असा, की माझ्या आयुष्यात दुसऱ्याने कोठपर्यंत यावे हे मी ठरवीन. पण मराठीत ‘मर्यादा’ हा शब्द रिकामा पडून नव्हता. ‘मर्यादेत राहा’, ‘मर्यादा सोडली’, ‘मर्यादाशील मुलगी’ ही त्याची जुनी बिऱ्हाडे आहेत, आणि त्या प्रत्येक बिऱ्हाडात मर्यादा दुसऱ्याने आखलेली असते व पाळायची मात्र बाईने असते. म्हणजे ज्या मुलीला ‘तुझ्यावर कोणी अतिक्रमण करू देऊ नकोस’ असे सांगायचे, तिच्या हाती आपण तोच शब्द देतो ज्याने तिच्या आजीला उंबऱ्याच्या आत ठेवले. अनुवादकाच्या कानाला हे खटकू नये, संपादकाला खटकू नये आणि पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाव्यात, हे आम्हाला चमत्कारिक वाटते. मराठीत शब्द नव्हते असे तर मुळीच नाही. ‘मोकळीक’ आहे, ‘आडकाठी’ आहे, ‘दूर राहणे’, ‘अंतर ठेवणे’ आहे. नकार देता न येणे हा दोष आहे हेही आपल्या लोकांना ठाऊक होते. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण काही परदेशातून आलेली नाही. भिडस्त माणसाचे नुकसान कसे होते, याची त्या तीन शब्दांत जेवढी जाण आहे तेवढी तीनशे पृष्ठांच्या अनुवादात आम्हाला आढळलेली नाही.

दुसरा शब्द ‘गुंतवणूक’. ‘नात्यात भावनिक गुंतवणूक करा’ असे आता सहज म्हटले जाते. या रूपकाचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. स्टीफन कोव्ही यांच्या १९८९ सालच्या प्रसिद्ध पुस्तकात ‘भावनिक बँक खाते’ अशी कल्पना आहे: चांगले वागलात की खात्यात भरणा, वाईट वागलात की खात्यातून उचल, आणि शिल्लक पुरेशी असली की नाते टिकते. व्यवस्थापनशास्त्राच्या वाचकाला हे पटकन समजते, यात शंका नाही. पण मराठीत हे रूपक येताना एक गंमत झाली आहे. ‘गुंतवणूक’ हा शब्द ‘गुंतणे’ या धातूपासून आला. माणूस माणसात गुंततो, जीव गुंततो, पाय वेलीत गुंततो. गुंतण्यात परताव्याचा विचार नाही, आणि गुंतलेला पाय सोडवताना थोडी कातडी सोलवटतेच. बाजाराने हा धातू उचलला, त्याला ‘वणूक’ लावून व्याज सुरू केले, आणि तोच शब्द आता नात्यांकडे परत आला आहे तो ताळेबंद बगलेत मारून. ‘या नात्यातून मला काय मिळते आहे?’ हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या वर्गातली अठरा वर्षांची मुले एकमेकांविषयी विचारतात तेव्हा आम्हाला त्यांचा राग येत नाही. त्यांना हा हिशेब शिकवणाऱ्यांचा येतो.

‘विषारी’ या शब्दावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. सापाला, औषधाला, वायूला लावायचे विशेषण आईला, मैत्रिणीला, सहकाऱ्याला लावले की पुढचे काम सोपे होते, कारण विषाशी बोलणी होत नसतात. असो.

‘संवाद’ मात्र सोडून देता येत नाही. सर्व दुखण्यांवर संवाद हा एकच काढा आहे अशी या मंडळींची ठाम समजूत दिसते. बोला, स्पष्ट बोला, ‘मला असे वाटते’ अशी वाक्याची सुरुवात करून बोला. मराठी घरांत न बोलण्याचेही एक मोठे व्याकरण आहे, हे त्यांना ठाऊक नसावे. ‘अबोला’ हा नुसता बोलण्याचा अभाव नसतो. तो धरावा लागतो, तो सुटतो, तो कोणी कोणाशी धरला हे सगळ्या घराला कळते. ज्याच्या हाती दुसरे काही नाही त्याच्या हातचे ते हत्यार आहे. ‘रुसणे’ तर याहूनही सूक्ष्म. परक्यावर आपण रागावतो. रुसतो फक्त आपल्या माणसावर, आणि तेही कोणीतरी समजूत काढायला येईल या भरवशावर. संतांचे विठ्ठलाशी असलेले नाते पाहा. जनाबाई विठ्ठलाला काय काय बोलतात हे सभ्य कार्यशाळेत वाचून दाखवता येणार नाही. त्या शिव्यांतला हक्क ज्याला ऐकू येत नाही त्याने मराठी माणसाला संवाद शिकवण्याची घाई करू नये.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर आमचे म्हणणे भलत्याच लोकांच्या कामी येईल. मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रशिक्षित समुपदेशक यांच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. नैराश्याने अंथरुणाला खिळलेल्या विद्यार्थ्याला कविता वाचून दाखवणारे आम्ही नव्हे. त्याला डॉक्टरकडेच नेले पाहिजे. तसेच मारहाण होत असेल तेथे ‘नात्यातील गुंतागुंत’ असले शब्द वापरणे हा गुन्ह्याला हातभार आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला. त्यात शारीरिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक छळाचीही दखल घेतलेली आहे. कायद्याला याद्या लागतात, व्याख्या लागतात, आणि त्या असल्याच पाहिजेत. हिंसाचार कशाला म्हणायचे हे न्यायाधीशापुढे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. आमचा विरोध आहे तो अशी यादी घेऊन उरलेल्या सगळ्या आयुष्यावर खुणा करीत सुटण्याला.

आणि दुसरा खुलासा आमच्याच पंगतीतल्यांसाठी. या नव्या भाषेची टिंगल करणारे अध्यापक आम्हाला ठाऊक आहेत. अध्यापक-कक्षात त्यांची संख्या कमी नाही. त्यांचे म्हणणे असे, की पूर्वी हे काही लागत नव्हते, एकत्र कुटुंबे होती, माणसे जुळवून घेत होती. या ‘जुळवून घेणे’ क्रियापदाचा कर्ता कोण असे, एवढाच प्रश्न आम्ही त्यांना विचारतो. मराठी वाङ्मयाचे अध्यापक असूनही ज्यांना त्याचे उत्तर सापडत नाही त्यांनी १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेले महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा वाचावे. धरणगावकर देशपांड्यांच्या त्या वाड्यात सगळे जुळवूनच घेत आहेत. शिकण्याची इच्छा मारून प्रभा जुळवून घेते. चंदू तर इतके जुळवून घेतो, की घरातल्या गड्यात आणि त्याच्यात फरक उरत नाही, आणि तो फरक कोणाला जाणवतही नाही. थोरल्या वहिनीच्या वाट्याला किल्ल्या येतात आणि वंशपरंपरेने चालत आलेले दागिने रात्री एकटीने अंगावर घालून पाहण्याचा एक क्षण येतो. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलेला आहे. ही माणसे दुष्ट नाहीत. त्यांचे एकमेकांवर प्रेम आहे, आणि ते प्रेम वाड्याची मोडतोड थांबवू शकत नाही, कारण वाडा ज्या जमिनीच्या, मानाच्या आणि फुकट श्रमाच्या जोरावर उभा होता ते सगळे आता गेले आहे. जुन्या घराचे गोडवे गाणारे आणि नव्या नात्यांचे प्रशिक्षण देणारे यांच्यात आम्हाला फारसे अंतर दिसत नाही. दोघेही माणसांना चांगले वागायला सांगतात आणि वाडा कशावर उभा आहे ते पाहत नाहीत.

या लेखाला एक तात्कालिक निमित्तही आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर (२०२०) अभ्यासक्रमांची फेरआखणी झाली, कौशल्याधारित आणि मूल्यशिक्षणाच्या विषयांना श्रेयांक मिळाले, आणि भाषा विभागांना आपला उपयोग सिद्ध करण्याची नवी निकड निर्माण झाली. अशाच एका उपक्रमात आम्हाला सुचवण्यात आले, की ‘स्वतःशी व इतरांशी निरोगी नाते’ या विषयावरील कार्यशाळेसाठी मराठी विभागाने साहित्यातून ‘योग्य असे’ उतारे काढून द्यावेत. उतारा दीड पानांपेक्षा मोठा नसावा, त्यातून सकारात्मक संदेश मिळावा आणि खाली तीन प्रश्न असावेत. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मुले अस्वस्थ आहेत, एकटी आहेत, हे त्यांनाही दिसते आहे. परंतु साहित्याकडून त्यांची जी अपेक्षा आहे ती आमच्या विषयाच्या मुळावर येणारी आहे, हे आम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

साहित्य हे नात्यांच्या नमुन्यांचे कपाट नाही. तसे मानून पाहिले तर काय होते ते एका उदाहरणाने सांगतो. निरोगी नात्याच्या अटी कोणत्या? अपेक्षा आरंभीच स्पष्ट असाव्यात. फसवणूक नसावी. कोणत्याही क्षणी बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य असावे. या तिन्ही अटी शब्दशः पूर्ण करणारा मराठी साहित्यातील पुरुष कोण? सखाराम बाइंडर. तेंडुलकरांच्या १९७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या नाटकातला हा बुकबाइंडर नवऱ्याने टाकलेल्या बाईला घरी आणतो आणि पहिल्याच प्रवेशात तिच्यापुढे सर्व नियम मांडतो. काय करावे लागेल, काय चालणार नाही, काय मिळेल. पटले नाही तर जायला मोकळी; जाताना साडी देऊ, तिकीट काढून देऊ. लग्नाचे ढोंग नाही, गोड बोलणे नाही. कार्यशाळेतील तक्त्यावर सखारामला पैकीच्या पैकी गुण पडतील. शेवटी तो चंपाचा गळा दाबतो आणि लक्ष्मी, ती देवभोळी, मुंगीशी बोलणारी लक्ष्मी, प्रेत पुरायला त्याला मदत करते. तेंडुलकरांनी नेमके हेच दाखवले आहे, की ज्या बाईला जायला दुसरे ठिकाणच नाही तिला दिलेले जाण्याचे स्वातंत्र्य म्हणजे स्पष्ट शब्दांत सांगितलेली दहशत होय. करार चोख असतो, पण करार करणारे दोघे समान नसतात. दीड पानांच्या उताऱ्यात सखारामचे पहिले भाषण देता येईल, आणि खाली प्रश्न विचारता येईल: सखारामच्या संवादकौशल्याची वैशिष्ट्ये सांगा.

आता ज्या पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप, त्या ‘स्मृतिचित्रां’कडे येतो. आमच्यापैकी एकीने गतवर्षी हे पुस्तक वर्गात शिकवले. एका हुशार विद्यार्थिनीने निबंधात लिहिले, की ना. वा. टिळक हे भावनिकदृष्ट्या अपरिपक्व होते, हे नाते विषारी होते आणि लक्ष्मीबाईंनी त्यातून वेळीच बाहेर पडायला हवे होते. तोच निबंध वाचून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी उलट टोक गाठले: ‘आजच्या मुलींना त्या पतिव्रतेचे मोठेपण काय कळणार!’ आम्हाला दोन्ही वाचने सारखीच आंधळी वाटतात. विद्यार्थिनीचे आंधळेपण क्षम्य आहे, एवढाच फरक.

पुस्तकात काय आहे? १८६८ साली जन्मलेली एक मुलगी. तिचे वडील सोवळ्याच्या वेडाने इतके ग्रासलेले, की मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेणारे. अकरा-बारा वर्षांची असताना तिचे टिळकांशी लग्न होते. सासऱ्यांचा जाच आहे. नवरा कवी, विद्वान, दयाळू आणि शीघ्रकोपी. हाती पैसा आला की कोणाला तरी देऊन मोकळा होणारा, आणि मनात आले की घरात न सांगता निघून जाणारा. १८९५ च्या फेब्रुवारीत तो मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतो. बायको लहानग्या मुलासह नातलगांकडे. पुढची काही वर्षे ती दोघे वेगळी राहतात. नंतर लक्ष्मीबाई नगरला येतात, पण सोवळे घेऊन. नवऱ्याच्या गावी राहूनही त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. १९०० साली राहुरीस त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

‘नातेसंबंध’वाल्यांनी थांबून पाहावी अशी गोष्ट ही आहे. लक्ष्मीबाईंनी सीमा आखली होती. कोणा तज्ज्ञाने सांगितल्यामुळे नव्हे. त्यांच्या धर्माने, जातीने आणि भीतीने त्यांना ती आखायला लावली होती, आणि तीच त्यांचा आधारही होती. ती सीमा मोडली कशी? टिळकांशी मनमोकळा संवाद झाल्यामुळे मोडली नाही. टिळकांचा स्वभाव सुधारल्यामुळे तर नाहीच नाही. त्यांचा राग आणि त्यांचे औदार्य पुढेही तसेच चालू राहिलेले दिसते. लक्ष्मीबाईंनी एकटीने विचार केला, की हा भेद देवाने केला की माणसाने? आणि माणसाने केला असे ठरल्यावर त्यांनी सर्वांच्या हातचे खायचे ठरवले. जात आधी गेली, धर्म नंतर बदलला. नवऱ्याजवळ येण्याचा रस्ता नवऱ्यावरून गेला नाही. तो इतर माणसांच्या, परजातीच्या, ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायला त्यांना शिकवले होते त्यांच्या घरांवरून गेला. दोन माणसांतील नाते दुरुस्त करायचे तर त्या दोघांतच पाहावे, ही जी आजच्या सल्लागारांची बंद खोली आहे, तिचे दार ‘स्मृतिचित्रे’ सताड उघडते. नवराबायकोच्या मध्ये साऱ्या गावाची चूल पेटलेली असते. ती विझवली तर कदाचित दोघे एकमेकांना दिसतील.

आणि हे सगळे त्यांनी सांगितले कसे? टिळक १९१९ मध्ये वारले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी आठवणी हव्या होत्या, त्यातून हे लेखन सुरू झाले. म्हणजे लिहायचे होते नवऱ्याविषयी, आणि झाले बायकोचे आत्मचरित्र. त्यांच्या कथनात तक्रारीचा सूर नाही, म्हणून ज्येष्ठ सहकाऱ्यांना तेथे पातिव्रत्य दिसते. पण टिळकांचा एकही विक्षिप्तपणा त्यांनी झाकलेला नाही. त्यांनी त्यांना माफही केलेले नाही आणि शिक्षाही दिलेली नाही. त्यांनी त्यांना हसण्याजोगे केले, आणि हे हसे होऊनही टिळक लहान होत नाहीत. मराठी गद्यात ही जागा फार थोड्यांना सापडली आहे. नवऱ्याने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ याच बाईने पूर्ण केले, ज्यांना लिहायवाचायला त्याच नवऱ्याने शिकवले होते. या नात्याला निरोगी म्हणावे की रोगी? हा प्रश्नच येथे हास्यास्पद ठरतो. आमच्या विद्यार्थिनीशी आम्ही एवढेच बोललो: त्यांनी बाहेर पडायला हवे होते हे तुझे मत तू जरूर ठेव, पण त्या पाच वर्षे बाहेरच होत्या, हे तुझ्या निबंधात कोठे आहे? तिने पुस्तक पुन्हा वाचायला नेले.

राहिला स्वतःशी असलेल्या नात्याचा मुद्दा. ‘स्वतःवर प्रेम करा’ या आज्ञेत एक गृहीत आहे, की ‘स्वतः’ नावाची एक निराळी वस्तू आहे आणि तिच्याकडे कुरवाळण्याच्या दृष्टीने पाहता येते. मराठीत या ठिकाणी ‘आपण’ नावाचा एक विलक्षण शब्द आहे. ‘त्याने आपणच दार उघडले’ येथे आपण म्हणजे स्वतः. ‘चला, आपण जाऊ’ येथे आपण म्हणजे मी आणि तू. ‘आपण कोठून आलात?’ येथे आपण म्हणजे समोरचा आदरणीय माणूस. संस्कृत ‘आत्मन्’पासून निघालेल्या एकाच शब्दात स्व, सहवास आणि परका पाहुणा नांदतात. शिवाय ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि सामावणारे ‘आपण’ हा भेद मराठी आणि गुजराती पाळतात. हिंदीच्या ‘हम’ला तो करता येत नाही. (हा लेख आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहितो आहोत, याची नोंद चिकित्सक वाचकांनी घेतलीच असेल. वाद घालायचा तर ‘आपण’ म्हणून घालता येत नाही.) व्याकरणावरून समाजाचे मन सिद्ध होत नाही, हे आम्हाला कळते. पण ज्या भाषेत ‘स्वतः’ आणि ‘आपण सगळे’ यांना एकच शब्द पुरतो त्या भाषेत स्वतःवरच्या प्रेमाचा वेगळा तास घेताना निदान एकदा अडखळायला हवे.

आपल्याकडे मनाशी नाते जोडायची रीत कुरवाळण्याची नव्हती. रामदासांनी मनाला श्लोकामागून श्लोक ऐकवले, आणि सज्जन म्हणून त्याचा मान राखूनच त्याला धारेवर धरले. तुकारामांच्या अभंगांत माणूस स्वतःशी भांडतो, स्वतःला खोटा पाडतो, हताश होतो, पुन्हा उभा राहतो. यातली कठोरता सर्वांना झेपणारी नाही, आणि आधीच स्वतःला खात असलेल्या मुलाच्या हाती ती देऊ नये, हेही खरे. परंतु स्वतःशी असलेले नाते हे मुख्यतः सुखाचे असावे, ही कल्पनाच मुळात उथळ आहे.

आणि स्वतःशी नाते जोडायला एक कोपरा लागतो, वेळ लागतो, कागद लागतो. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबी कांबळे यांनी आपले लिखाण वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता त्या लिहीत, आणि ज्या नवऱ्यापासून ते लपवायचे त्याच्याच घरात ते दडवीत. त्या पुस्तकात ‘मी’ फार थोडा आहे. बहुतेक ठिकाणी ‘आम्ही’ आहे, आमचा महारवाडा, आमच्या बाया, आमच्या जत्रा. स्वतःची ओळख पटवून घ्यायला बसलेल्या बाईने साऱ्या वस्तीची ओळख लिहून ठेवली. स्वतःसाठी वेळ काढा, असे सांगणाऱ्यांना आम्ही विचारतो, की हा वेळ कोणाच्या घरातून, कोणाच्या हातचे काम सोडवून काढायचा? उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) आणि मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) याच प्रश्नाभोवती फिरतात. चळवळ, समता, क्रांती हे शब्द ज्यांच्या तोंडी होते त्या घरांतही बाईच्या शिकण्याचा आणि लिहिण्याचा वेळ कोणी आपणहून मोकळा करून दिला नाही, हे दोघींनी लिहिले आहे. दोघींनीही त्याला आजार म्हटले नाही.

कार्यशाळेच्या संयोजकांना आम्ही उतारे दिलेले नाहीत. त्याऐवजी एक टिपण दिले आहे. त्यात म्हटले आहे, की ‘स्मृतिचित्रे’ संपूर्ण वाचायला बारा तासिका लागतील, ‘सखाराम बाइंडर’ला चार, आणि ‘जिणं आमुचं’ला सहा. तीन प्रश्नांची अट आम्हाला मान्य नाही. मुले विचारतील तेवढे प्रश्न. एवढ्या तासिकांना वेळापत्रकात जागा नाही, असे आम्हाला तोंडी कळवण्यात आले आहे. लेखी उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.